आता या वयात एम. कॉम.?

मैत्रिणींनो, या आठवड्यात लोणच्याच्या बरण्या आणि पडद्यांची कापडं जरा बाजूला ठेवू या. बार्शीहून एका भगिनीचं चांगलं चार पानी पत्र आलंय. तसल्याच मजकुराची आणखी दोन-तीन पत्रं माझ्या टेबलावर आधीपासून पडून होती. पण या बाईंनी सगळे आकडे सरळ लिहून पाठवले, म्हणून आज त्यांचाच प्रश्न घेते.

वय सदतीस. लग्नाआधी बी. कॉम. झालेलं, सत्तावन्न टक्के. यजमानांचं खत-बियाण्यांचं दुकान. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, घरात सासूबाई. गेली चार वर्षं बाई एका कर सल्लागाराच्या कचेरीत दुपारी अकरा ते पाच जातात, संगणकावर नोंदी करतात, जी. एस. टी.ची विवरणपत्रं तयार करून देतात. पगार नऊ हजार. त्या लिहितात, "ताई, मला फायनान्समध्ये दोन वर्षांची पदवी घ्यायची आहे. एका ठिकाणाहून घरबसल्या एम. बी. ए.साठी रोज फोन येतो. फी एक लाख सत्तर हजार. माझ्याजवळ भिशीतून साठलेले पंचेचाळीस हजार आहेत. बाकीसाठी आईने दिलेल्या पाटल्या गहाण ठेवीन म्हणते. गावातल्या कॉलेजात एम. कॉम.ची चौकशी केली, तिथे दोन वर्षांचे मिळून सोळा हजार सांगितले. हे म्हणतात, आता या वयात शिकून काय करणार? सासूबाई काही बोलत नाहीत, पण भांडी जरा जोरात ठेवतात. मला वेड लागलंय का?"

नाही हो, वेड कसलं! पण घाई झाली आहे खरी. घाईत सोनं बाहेर काढू नये.

पत्राच्या शेवटच्या पानावर, जवळजवळ जाता जाता, त्यांनी एक गोष्ट लिहिली आहे. माझ्या मते सगळं पत्र त्या चार ओळींसाठीच आहे. गेल्या पावसाळ्यात यजमानांना डेंग्यू झाला, आठ दिवस दवाखान्यात होते. दुकानात कंपनीचा माणूस पैसे मागायला आला. किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, बँकेचं किती उचललंय, यातलं बाईंना काहीच सांगता येईना. दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशेब रोज लिहिणारी बाई! आणि त्या बँकेच्या कर्जावर जामीनदार म्हणून सही कुणाची? यांचीच. "सही कुठे करायची एवढंच तेव्हा मी विचारलं होतं," असं त्या लिहितात.

हे वाचून तुमच्यापैकी कितीजणींना चटका बसला असेल, मला ठाऊक आहे. आपण सगळ्याच अशा सह्या करत आलो आहोत. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "मी फक्त सही केली" या म्हणण्याला तिथे किंमत नाही. तेव्हा पैशाचं शास्त्र शिकावंसं वाटणं हा या बाईंचा षोक नव्हे, निकडच आहे. आता ती निकड भागवायला कुठली पदवी, किती पैशात, आणि पदवीच का, एवढं पाहायचं.

आधी नोकरीचं बोलू. कारण फोनवरचे लोक नोकरीच विकतात.

पदवी घेतली की बँकेत लागू, असं पुष्कळजणींना वाटतं. सार्वजनिक बँकांच्या परीक्षेला कुठल्याही शाखेची साधी पदवी पुरते, एम. कॉम. किंवा एम. बी. ए. लागत नाही. तिथली अडचण असते ती वयाची. कारकुनाच्या जागेसाठी अठ्ठावीस आणि अधिकाऱ्याच्या जागेसाठी तीस ही खुल्या गटाची मर्यादा. राखीव गटांना तीन ते पाच वर्षांची सूट आहे. विधवा, घटस्फोटित भगिनींना कारकुनाच्या जागेसाठी खुल्या गटात पस्तीसपर्यंत, इतर मागासवर्गात अडतीसपर्यंत आणि अनुसूचित जाती-जमातींत चाळीसपर्यंत सवलत आहे. ही गोष्ट फार कमी जणींना माहीत असते, म्हणून मुद्दाम लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण आपल्या बार्शीच्या भगिनीला हे दार बंद झालं. कितीही मोठी पदवी घेतली तरी ते उघडायचं नाही. हे फोनवरचा माणूस सांगत नाही, म्हणून मी सांगते.

एम. कॉम.नं खरोखर उघडणारं दार म्हणजे शिकवण्याचं. अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि बी. एड. दोन्ही हवं, म्हणजे पुढं आणखी दोन वर्षं. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम. कॉम.ला पंचावन्न टक्के, राखीव गटांना पन्नास, आणि त्यावर नेट किंवा सेट परीक्षा. सहायक प्राध्यापकपदाच्या नेट परीक्षेला वयाची वरची अट नाही, ही मोठी जमेची बाजू. मात्र भाबडेपणानं जाऊ नका. कायमच्या जागा थोड्या, आणि बरेचजण तासिका तत्त्वावर राबतात, म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे, सुटीत काही नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी दोन कॉलेजांत तास घेते आणि मधल्या वेळात एस. टी.त उत्तरपत्रिका तपासते.

तिसरं दार बाईंच्या रोजच्या वाटेवर आहे, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सी. ए.चा अभ्यासक्रम चालवणारी संस्था पंचावन्न टक्के असलेल्या वाणिज्य पदवीधरांना पहिली प्रवेश परीक्षा माफ करून थेट इंटरमिजिएटला बसू देते. यांना सत्तावन्न आहेत! वयाची अट नाही. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. पण ही परीक्षा कठीण, भली भली तरुण मुलं चार-चार वेळा आपटतात. चाळिशीच्या तोंडावर घर सांभाळून हे करा असं मी कुणाला उठसूट सांगणार नाही. पण एखादीच्या अंगात तेवढी धमक असेल, तर तिला हे माहीत तरी असावं.

आणि राहिलं सध्याचंच काम. तिथं पदवीनं पगार वाढेल का? मैत्रिणींनो, याचं उत्तर मी किंवा कुठलंही विद्यापीठ देऊ शकत नाही. ते कर सल्लागारच देतील. त्यांना सरळ विचारा, "साहेब, मी एम. कॉम. केलं तर माझ्या कामात आणि पगारात काय फरक पडेल?" नवऱ्याला, सासूबाईंना, मला, फोनवरच्या परक्या मुलीला, सगळ्यांना विचारलं. ज्यांच्या हातात पगार आहे त्यांनाच तेवढं विचारायचं राहिलं.

आता मांडू या हिशेब. समजा पगार महिना दीड हजारानं वाढला, म्हणजे वर्षाला अठरा हजार. एम. बी. ए.ची फी १,७०,०००. त्यातले ४५,००० जवळचे, उरलेले १,२५,००० पाटल्यांवर उचलले आणि व्याज नऊ टक्के धरलं, तर वर्षाला ११,२५० आणि दोन वर्षांत २२,५००. एकूण खर्च झाला १,९२,५००. वर्षाला अठरा हजारांनी ते फिटायला जवळजवळ पावणेअकरा वर्षं! पदवी हातात येताना वय एकोणचाळीस, म्हणजे पैसे वसूल होईतो बाई पन्नाशीला टेकणार. आणि तोवर पाटल्या सुटल्या नाहीत तर व्याज पुढंही चालूच, ते मी इथं धरलेलंच नाही.

एम. कॉम.चे सोळा हजार. पुस्तकं, परीक्षेची फी, झेरॉक्स, जाण्यायेण्याचं भाडं मिळून आणखी सहा धरा. बावीस हजार. तेवढ्याच पगारवाढीनं पंधरा महिन्यांच्या आत वसूल.

लगेच "मग काय, एम. कॉम.च!" म्हणू नका. थांबा. फसगत इथंच होते. कॉलेजचे तास अकरा ते तीन असले आणि हजेरीसाठी नोकरी सोडावी लागली तर? नऊ हजारांप्रमाणे दोन वर्षांचे दोन लाख सोळा हजार गेले. फी सोळा हजार आणि बुडालेली मिळकत दोन लाख सोळा हजार! मग ही स्वस्त पदवी त्या महाग पदवीपेक्षाही महाग पडली. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. आपल्या आजीला शब्द माहीत नव्हता, पण जत्रेला गेलं तर म्हशीची धार कोण काढणार, हे ती निघायच्या आधी विचारायची.

म्हणून फीच्या आधी वेळापत्रक मागा. पुष्कळ ठिकाणी एम. कॉम.चे तास सकाळी लवकर असतात. तसं असेल आणि साडेदहापर्यंत मोकळं होता येत असेल तर छानच. नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली. दोन्हीकडे एम. कॉम. आहे. अशा मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे. तेव्हा "बाहेरून केलंय वाटतं" असं नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आता तो घरबसल्या एम. बी. ए.चा फोन. मी त्या संस्थेला चांगलं म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. मात्र माझा स्वतःचा एक किस्सा सांगते.

१९९१ साली मी एका पतपेढीत कारकून होते. आमच्या गावात कापडाच्या दुकानाच्या माडीवर एक भली मोठी पाटी लागली, वित्त व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, नोकरीची हमी. फी चार हजार. त्या काळात चार हजार म्हणजे काय, हे जुन्या मैत्रिणींना सांगायला नको. माझा गोफ मोडला. घरी सांगितलं की कडी सैल झालीय, सोनाराकडे टाकलाय. वर्षभर तिथं गेले, छापील नोट्स पाठ केल्या, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन एका बँकेत अर्ज द्यायला गेले, तर खिडकीतल्या गृहस्थांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, हे आमच्या यादीत नाही." बस. गोफाचं घरी कळायचं ते कळलंच, पुढल्या मंगळागौरीला. यजमान रागावले नाहीत, पण कितीतरी दिवस माझ्यासमोर पैशाचा विषय काढायचे नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा यादी आधी पाहायची. भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा हक्क दिलेल्या संस्थांनाच आहे. बाकीच्यांचा कागद कितीही गुळगुळीत असला तरी ती पदवी नव्हे, फार तर पदविका. दूरशिक्षणाचे वर्ग कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या विषयात, कुठल्या वर्षासाठी चालवायची परवानगी आहे, याची यादी अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचं नाव दिसलं एवढ्यावर थांबू नका. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष दोन्ही त्यात हवं. दूरशिक्षणाचे वर्ग दुसऱ्या कुणाला ठेक्यानं चालवायला देता येत नाहीत, म्हणून फी भरायची ती विद्यापीठाच्याच खात्यात, मधल्या "समुपदेशका"च्या खात्यात नव्हे. "आजच पाच हजार भरले तर सवलत" असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा, उद्या यजमानांशी बोलून कळवते. खरं विद्यापीठ उद्याही तिथंच असतं.

नियमित एम. बी. ए.साठी महाराष्ट्रात राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पूर्ण वेळचा अभ्यासक्रम आणि वर्गात सगळी बाविशीतली मुलं. मोठ्या शहरात राहणारी, आधीच कंपनीत असलेली एखादी असेल तर तिला त्याचा फायदा होईल. बार्शीच्या दुकानदाराच्या घरात, नऊ हजारांच्या नोकरीवर, पाटल्या गहाण टाकून ते करण्यात मला अर्थ दिसत नाही. हे माझं मत, आणि ते मी आडपडदा न ठेवता देते.

काहीजणी म्हणतील, ताई, पण या फायनान्समध्ये शिकवतात तरी काय? आपल्याला झेपेल का? अहो, अर्धं तर तुम्हाला येतंच. बारा जणींची दोन हजारांची भिशी घ्या. दर महिन्याला चोवीस हजार उचलायचे. पहिला नंबर लागला की आपण खूश, शेवटचा लागला की हिरमुसतो. का बरं? भरायचे पैसे सारखेच, मिळायचेही सारखेच. पण पहिलीनं तेच चोवीस हजार सात टक्क्यांनी ठेवले, तर शेवटचीचा नंबर लागेपर्यंत, अकरा महिन्यांत, तिला सुमारे पंधराशे चाळीस रुपये जास्तीचे मिळतात. आजचा रुपया आणि वर्षानंतरचा रुपया सारखा नसतो. वित्त व्यवस्थापनाच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच हे येतं, "पैशाचं कालमूल्य" नावानं. पुढची सूत्रं अवघड दिसतात, पण मुळाशी ही भिशीच.

दुसरं प्रकरण खेळत्या भांडवलाचं. ते तर बाईंच्या दुकानातच मांडून ठेवलंय. जूनमध्ये खरिपाचा माल भरायचा, शेतकऱ्यांना उधारीवर द्यायचा, सोयाबीन विकलं गेल्यावर दिवाळीच्या सुमाराला उधारी वसूल. पण कंपनी तेवढं थांबत नाही. मधल्या चार-पाच महिन्यांची फट बँकेच्या कॅश क्रेडिटनं भरायची, त्यासाठी दुकानातला माल नजरगहाण. गल्ल्यात नोटा दिसतात म्हणून दुकान फायद्यात, असं नसतं. त्या नोटा बँकेच्या असू शकतात. आणि कागदावर नफा दिसतो म्हणून हातात पैसे, असंही नसतं, कारण तो नफा शेतकऱ्याच्या बांधावर उभा असतो. एकदा हे कळलं की ताळेबंद गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचता येतो.

हे वाचायला पदवी येईपर्यंत थांबू नका हं. आजच रात्री जेवणं झाली की यजमानांना म्हणा, "अहो, गेल्या वर्षीचा ताळेबंद आणि बँकेचं मंजुरीपत्र मला दाखवता का? सही माझीही आहे." भांडणाच्या सुरात नको. भाजी निवडता निवडता म्हणतो तसं. मी तर म्हणते, "दवाखान्यात होतात तेव्हा माझी फार तारांबळ उडाली" असं म्हणूनच सुरुवात करा, कारण ते खरंच आहे आणि त्यांनाही ते आठवत असणार. तुमच्या शिक्षणाची ताकद त्यांना त्या कागदांवरच दिसेल. बायकोनं "या गिऱ्हाइकाची उधारी दोन हंगाम तशीच आहे" हे बोट ठेवून दाखवलं की "शिकून काय करणार" हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

सासूबाईंच्या भांड्यांबद्दल. त्यांचा राग शिक्षणावर असेल असं मला वाटत नाही. सकाळचा स्वयंपाक आपल्या गळ्यात पडणार, ही धास्ती असते त्यांना. ती रास्तही आहे. तेव्हा आधीच वाटणी करा. पोळ्यांना सकाळी एक बाई लावली तर महिन्याला काय पडेल ते वरच्या हिशेबात घाला, कारण तोही पदवीचाच खर्च. आठवीतली मुलगी कुकर लावू शकते. पाचवीतला मुलगाही ताटं-पाणी घेऊ शकतो, तो मुलगा आहे म्हणून अपंग नाही.

आणि पंचांग पाहून ठेवा. सत्र परीक्षा बहुतेक दिवाळीच्या आगेमागे आणि एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे एकीकडे फराळ नि दुसरीकडे लग्नसराई. माझी बहिःस्थ एम. कॉम.ची परीक्षा १९९४ साली झाली. गोफाच्या प्रकरणानंतर तीन वर्षांनी, फी किरकोळ, या वेळी यजमानांनीच अर्ज आणून दिला. पहिल्याच वर्षी परिव्ययाच्या पेपरात मी आपटले. कारण साधं होतं, आदल्या रात्री नणंदेच्या सासरची आठ माणसं मुक्कामाला आली आणि मी "पेपर आहे" म्हणायला लाजले. दुसऱ्या खेपेला लाजले नाही. त्या वर्षी आमच्या घरी चकल्या विकतच्या आल्या. कुणाचंही काही बिघडलं नाही, फक्त चुलतसासूबाईंनी त्या चकल्यांचा विषय पुढं सहा वर्षं पुरवला.

नव्या शैक्षणिक धोरणात एक सोय झाली आहे. २०२३ पासून राज्यात एम. कॉम.ची रचना अशी आहे की पहिलं वर्ष पुरं करून थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका मिळते, वर्ष वाया जात नाही. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचाही भाग आहे. आपल्या भगिनी आधीच कर सल्लागाराकडे काम करतात, तेव्हा तेच काम त्यासाठी धरतील का, हे कॉलेजात विचारून घ्यावं. उत्तरं मराठीतून लिहिता येतात का, हेही. कुणाकडे चार वर्षांची ऑनर्सची पदवी असेल तर तिला पुढं एकाच वर्षात पदव्युत्तर होता येतं. पण आपल्या पिढीच्या तीन वर्षांच्या बी. कॉम.ला दोन वर्षं लागणारच.

ज्या भगिनींना मुळात पदवी नको, चार पैसे आणि पैशाच्या कामाची ओळख एवढंच हवं आहे, त्यांना दोन ओळी. पोस्टाच्या आवर्ती ठेवी गोळा करण्याची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून आहे, ती एजन्सी बायकांनाच मिळते, आणि जमा रकमेवर चार टक्के कमिशन असतं. म्युच्युअल फंडाचं काम करायचं तर एन. आय. एस. एम.ची एक परीक्षा असते, पन्नास टक्क्यांना उत्तीर्ण, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. विम्याच्या एजंटला दहावी पुरते. मात्र ओळखीपाळखीत पैसे मागत फिरावं लागतं, आणि सगळ्यांचा तो स्वभाव नसतो. माझा नव्हता.

तर बार्शीच्या भगिनी, माझं म्हणणं असं. पाटल्या कपाटात राहू द्या. फोनवाल्या मुलीला नको म्हणून कळवा, ती बिचारी पगारासाठी करते, तिच्यावर चिडू नका. भिशीतल्या पंचेचाळीसपैकी बावीस-पंचवीस हजार एम. कॉम.साठी बाजूला काढा. बाकीच्याला हात लावू नका, डेंग्यू विसरला का? तासांची वेळ जुळली तर गावातलं कॉलेज, नाही तर मुक्त विद्यापीठ. नोकरी सोडायची नाही. आणि एम. कॉम.नंतर नोकरीत काहीच वाढलं नाही, तरी बावीस हजारात तुम्ही स्वतःच्या दुकानाचं आणि स्वतःच्या सहीचं बरंवाईट वाचायला शिकलात, एवढ्यावर तुम्हाला समाधान वाटेल का, हे मनाशी ठरवा. वाटणार असेल तर अर्ज भरा. नसेल वाटत तर आणखी सहा महिने थांबा, काही बिघडत नाही.

अर्ज भरताना बायकांचीच म्हणून एक अडचण येते, ती आत्ताच सांगून ठेवते. तुमची बी. कॉम.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. प्रवेशाच्या खिडकीवर इथंच घोडं अडतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्र मागतात, त्याला वेळ लागतो, तेव्हा जूनची वाट पाहू नका. जुन्या कॉलेजातून टी. सी. आणि विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणावं लागेल. मधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र मागतात. दूरशिक्षणाला जाणार असाल तर २०२४ पासून प्रवेशाआधी डेब-आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातं हवं, आणि तिथंही नाव आधारप्रमाणेच लागतं. हे सगळं संगणकावर होतं, आणि तुम्ही तर रोज लोकांची विवरणपत्रं भरता, तुम्हाला अवघड नाही. माहेरी जाल तेव्हा ती जुनी गुणपत्रिका ट्रंकेतून घेऊन या. आणि हो, झेरॉक्स पाच-सहा काढा, दोन कधीच पुरत नाहीत.